पोटात गॅस, मग घशात काय?

"मास्कवर होऊन जाईल ना मॅडम, वीस मिनिटांचं तर काम आहे." हे वाक्य मी आजवर किती सर्जनांच्या तोंडून ऐकलंय याची मोजदाद नाही. बोलणारा बहुतेक वेळा हात धुत असतो, मी सिरींज भरत असते, आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो चार वर्षांचा गडी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर आईच्या खांद्यावर उपाशीपोटी किरकिरत असतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या गावात फ्रीलान्स करते, म्हणजे एका कुठल्या हॉस्पिटलची नोकरी नाही, फोन आला की बॅग डिकीत टाकायची आणि निघायचं. सकाळी सिझेरियन, दुपारी कुणाचं तरी मोडलेलं हाड, मधे हर्निया. गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही लहान मुलांची दुर्बिणीतून ऑपरेशनं व्हायला लागलीत, पूर्वी ज्यासाठी लोक पुण्या-मुंबईला जाऊन नातेवाइकांकडे आठ-आठ दिवस राहायचे. जांघेतला हर्निया, खाली न उतरलेली अंडगोळी, अपेंडिक्स. हे चांगलंच आहे, मला त्याबद्दल काहीच तक्रार नाही. हॉस्पिटलच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात 'बिनटाक्याचे ऑपरेशन' लिहिलेलं असतं. पण पोट फुग्यासारखं फुगवल्यावर आत झोपवलेलं पोरगं श्वास कसा घेणार, हे बोर्डावर नसतं आणि बऱ्याचदा आईबापाशी झालेल्या बोलण्यातही नसतं. मला ज्यावर भांडायचंय ते हेच.

आधी साध्या भाषेत. पूर्ण भूल दिली की श्वासाचा रस्ता आपण सांभाळायचा असतो. त्याचे मुख्य दोन मार्ग. एक म्हणजे नळी, तोंडातून स्वरयंत्राच्या पलीकडे थेट श्वासनलिकेत घातलेली. दुसरा म्हणजे ज्याला आम्ही ओटीत नुसतं 'मास्क' म्हणतो तो एलएमए, हा नाकातोंडावर धरायचा मास्क नव्हे, हा घशात जाऊन स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखा बसतो, आत शिरत नाही. आर्ची ब्रेन नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं १९८१ मध्ये दातांच्या भुलीसाठी वापरायच्या मास्कची कड काढून ती एका नळीला जोडून बघितली, तिथून हे सुरू झालं. पुढे २००० च्या आसपास प्रोसील आला, ज्यात पोटातलं पाणी-हवा बाहेर काढायला वेगळी वाट आहे, आणि २००७ मध्ये आय-जेल, ज्याला फुगवावंच लागत नाही. आज आमच्या बॅगेत बहुतेक करून आय-जेलच असतो.

आता मुलाचं बघा. मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षालाच घोकून घेतात. डोकं मोठं, जीभ मोठी, स्वरयंत्र वर. तान्ह्या बाळाची अख्खी श्वासनलिका चार-पाच सेंटीमीटरची. चार मिलिमीटर व्यासाच्या रस्त्याला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली तर रस्ता पाऊण बंद होतो आणि श्वासाला लागणारा जोर सोळा पट होतो, मोठ्या माणसाच्या घशात तेवढ्याच सुजेनं नुसता आवाज बसेल. शिवाय मुलाला किलोमागे ऑक्सिजन लागतो मोठ्याच्या जवळजवळ दुप्पट आणि फुफ्फुसात शिल्लक राहते ती अगदी थोडी. म्हणजे काही बिघडलं तर मोठ्या माणसाला जिथे मिनिटं मिळतात तिथे पोराला सेकंद मिळतात, मॉनिटरचा टुक-टुक आवाज बारीक-जाड व्हायला लागला की आमच्या पोटात गोळा येतो तो ह्यामुळे.

त्यात दुर्बिणीचं ऑपरेशन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा, लहान मुलात साधारण आठ-दहाच्या प्रेशरनं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसाला जागा कमी पडते. तोच गॅस रक्तात शोषला जातो, तो बाहेर काढायला श्वास जास्त द्यावा लागतो. म्हणजे बघा, फुफ्फुस कडक झालंय आणि त्याच वेळी हवा जास्त ढकलायचीय, त्यातून हर्नियासाठी डोकं खाली आणि पाय वर. नळी असेल तर हवा जाते ती फुफ्फुसातच. मास्क असेल तर प्रेशर त्याच्या ताकदीपलीकडे गेलं की हवा कडेनं सुटते, थोडी तोंडातून बाहेर आणि थोडी पोटात. पोट फुगलं की सर्जनला दिसत नाही, मग तो गॅसचं प्रेशर वाढवायला सांगतो, मग मला अजून जोर लावावा लागतो, आणि पोटातलं काही वर येऊन फुफ्फुसात जायची भीती ती वेगळीच. ब्रिटनमध्ये भुलीच्या वेळी श्वासमार्गात झालेल्या गंभीर घटनांची देशभर तपासणी झाली, तिचा अहवाल २०११ मध्ये आला, त्यात मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण निघालं ते हेच, पोटातलं फुफ्फुसात जाणं. त्यात बहुतेक मोठी माणसं होती हे खरं, पण पोट आणि फुफ्फुस यांचं शेजार लहानपणीही तेच असतं.

आता मास्कवाल्यांची बाजू, कारण ती कच्ची नाहीये आणि मी स्वतःही अर्धा दिवस मास्कवरच असते. नळी घालायची म्हणजे जबड्यात लोखंडी पातं घालून स्वरयंत्र उघडं करायचं, त्यातून प्लास्टिक सरकवायचं. काढताना पोर खोकतं, कधी स्वरयंत्र आवळून धरतं आणि मग एक थेंब हवा आत जात नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला तान्ह्या बाळांवर एक पद्धतशीर तुलना झाली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, १८१ बाळं, छोटी ठरवून केलेली ऑपरेशनं. श्वासाचा काही ना काही त्रास झाला तो नळीवाल्यांत ५३ टक्के आणि मास्कवाल्यांत १८ टक्के. हा फरक काही थोडाथोडका नाही. तिथल्याच आधीच्या २०१० च्या अभ्यासात नऊ हजारांवर मुलं होती, त्यात नुकतीच सर्दी झालेली, दम्याची, घरात कुणी सिगारेट ओढतं अशी मुलं जास्त त्रास देतात हे स्पष्ट दिसलं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात सर्दी नसलेलं अंगणवाडीचं पोर शोधून दाखवा.

दुर्बिणीसाठीसुद्धा मास्क चालतो असं दाखवणारं काम आहे, आणि ते बाहेरचं नाही, दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी २००७ मध्येच मुलांच्या लॅप्रोस्कोपीत प्रोसील आणि नळी यांची तुलना छापली होती आणि प्रोसीलवर श्वास नीट देता आला होता. मग माझं म्हणणं काय?

माझं म्हणणं असं की ते काम कुठल्या ओटीत झालं ते बघा. तिथे मुलं निवडलेली, धडधाकट, पोट रिकामं असल्याची खात्री. मास्क मापाचा. त्याच्या वाटेतून पोटात राइल्स ट्यूब ही बारीक नळी टाकून सक्शन केलेलं. गळती किती प्रेशरला सुरू होते हे मोजून लिहिलेलं. श्वासावर नजर ठेवणारा कॅपनोग्राफ चालू. आणि डोक्याशी उभी असलेली माणसं सरावलेली. हे सगळं काढून टाकून त्यातलं फक्त 'मास्क चालतो' एवढं एक वाक्य उचललं आणि तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये आणलं, तर ते वाक्य तेच राहत नाही. आमच्याकडे एकदाच वापरायचा म्हणून लिहिलेला आय-जेल ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून कितव्यांदा वापरला जातोय हे ट्रॉलीवरच्या सिस्टरलाही सांगता येणार नाही. (मी स्वतः वापरलाय. खोटं कशाला बोलू.) दोन नंबरचा नसेल तर अडीचचा दाबून बसवतात. आणि पुणेरी पेडियाट्रिक सर्जन महिन्यातून दोनदा येणार, त्याची यादी सहा केसेसची, संध्याकाळी त्याला परत जायचंय, त्यामुळे मास्क निवडला जातो तो मुलाच्या घशाकडे बघून नव्हे, घड्याळाकडे बघून. नळी घालायला-काढायला केसमागे दहा मिनिटं जास्त, सहा केसेसचा एक तास. खरं कारण हे असतं, फक्त बोलताना ते 'मुलाला त्रास कमी' या नावानं येतं.

म्हणून माझं मत आहे की आमच्यासारख्या ठिकाणी, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक ठिकाणी, मुलाच्या पोटात गॅस भरायचा असेल तर मूळ नियम नळीचा असावा, कफवाल्या नळीचा, म्हणजे जिच्या टोकाशी हवा भरून घट्ट बसवायचं फुग्यासारखं कडं असतं तिचा. मास्क हा अपवाद, आणि अपवाद केला तर का केला ते भुलीच्या कागदावर एका ओळीत लिहायचं. तीव्र अपेंडिक्स, उलट्या होणारं बाळ, पोट फुगलेलं, तिथे तर चर्चाच नको, तिथे मास्कचं समर्थन करणारा मला अजून भेटला नाही.

नळी म्हणजे सुरक्षित असं मात्र मी म्हणत नाहीये, उलट नळीनं मला जेवढं घाबरवलंय तेवढं मास्कनं नाही. एक केस सांगते. चार वर्षांचा मुलगा, पंधरा किलो, डाव्या बाजूची अंडगोळी वर. साडेचार नंबरची कफची नळी, ओठाशी चौदा सेंटीमीटरवर चिकटवली, दोन्ही छातींवर स्टेथोस्कोप लावून बघितलं, हवा सारखी. सर्जननं गॅस भरला, टेबल डोक्याकडून खाली केलं, आणि दोन मिनिटांत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, शंभरचं शहाण्णव, मग त्र्याण्णव. प्रेशर वाढलेलं. सगळ्यांचं पहिलं मत, गॅसमुळे असेल. मी परत स्टेथोस्कोप लावला तर डावी छाती गप्प. झालं काय होतं, गॅसनं पडदा वर ढकलला, त्याबरोबर फुफ्फुसं आणि श्वासनलिकेचा दुभागणारा फाटा वर सरकला, नळी होती तिथेच होती पण फाटाच तिच्याकडे चालून आला आणि ती उजव्या बाजूत घुसली. सर्जनला म्हटलं थांबा, गॅस सोडा. नळी जेमतेम एक सेंटीमीटर मागे ओढली. डावीकडे हवा आली, आकडा हळूहळू वर. पूर्ण प्रकार दीड-दोन मिनिटांचा असेल पण सिस्टरच्या हातातली टेप अजून मला आठवते, ती तशीच ताणून धरून उभी होती. पुस्तकात हे आहे, मला माहीत होतं, तरी पहिली तीस सेकंदं मी गॅसलाच दोष देत होते.

आणि कफचं तर वेगळंच पुराण आहे. आम्ही शिकलो तेव्हा आठ वर्षांखालच्या मुलाला बिनकफची नळी, हा जणू मनाचा श्लोक होता. का, तर मुलाचं स्वरयंत्र नरसाळ्यासारखं, सगळ्यात अरुंद जागा खाली, तिथे नळी आपोआप घट्ट बसते. ही समजूत कुठून आली शोधत गेलात तर एका १९५१ च्या लेखापर्यंत जाता, आणि तो लेख टेकतो मेलेल्या मुलांच्या घशांच्या १८९७ मधल्या प्लास्टरच्या साच्यांवर. पंधरा मुलांच्या. पुढे २००३ मध्ये जिवंत, गुंगीत असलेल्या मुलांचे एमआरआय बघितले तर नरसाळं काही तितकं नरसाळं निघालं नाही. २००९ मध्ये युरोपातल्या चोवीस केंद्रांनी पाच वर्षांपर्यंतच्या २,२४६ मुलांत कफची आणि बिनकफची नळी अशी तुलना केली, नळी काढल्यावर श्वासाला येणारी घरघर दोन्हीकडे सारखीच, साडेचार टक्क्यांच्या आसपास, पण माप चुकलं म्हणून नळी बदलावी लागली ती कफमध्ये २.१ टक्के आणि बिनकफमध्ये ३०.८ टक्के. म्हणजे दर तीन-चार मुलांमागे एकाच्या घशात आपण पातं उगाच परत घालत होतो. लॅप्रोस्कोपीत बिनकफची नळी गळते म्हणून घशात गॉजचा पॅक कोंबायचा, आणि मग तो पॅक काढायचा विसरला नाही ना या भीतीनं रात्री झोप नाही, हेही मी केलंय.

पण कफची नळी आणली म्हणजे झालं असंही नाही. कफमध्ये हवा किती? वीस-पंचवीस सेंटीमीटर पाण्याच्या दाबापलीकडे गेली तर नाजूक आवरणाचा रक्तपुरवठा दबतो. हे मोजायला छोटं मीटर मिळतं. मी जाते त्या ओटींपैकी फार थोड्या ठिकाणी ते आहे, बाकीकडे बाहेर लोंबणारा छोटा फुगा दोन बोटांत चिमटून 'हं, ठीक आहे' म्हणायची पद्धत, आणि बोटांचा अंदाज चुकतो हे मी माझं स्वतःचं मीटर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यात नायट्रस हा भुलीचा गॅस वापरला की तो कफमध्ये शिरून दाब आपोआप वाढत राहतो. म्हणून ते मीटर आता बॅगेत, टॉर्चच्या शेजारी.

यापेक्षा मोठा मुद्दा कॅपनोग्राफचा. बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, पडद्यावर दर श्वासाला एक चौकोनी टेकडी. टेकडी आहे म्हणजे हवा फुफ्फुसातून येतेय, टेकडी गायब म्हणजे नळी अन्ननलिकेत किंवा निघालेली. सॅच्युरेशन पडायच्या आधी हे कळतं. आणि जिथे पोटात मुद्दाम कार्बन डायऑक्साइडच भरतोय तिथे तो किती साठतोय हे बघायला दुसरं साधन काय आहे? तरी असे ओटी आहेत जिथे लाखोंचा एचडी कॅमेरा आहे, सर्जनसाठी दोन-दोन स्क्रीन आहेत, आणि माझ्या बाजूच्या मॉनिटरला कॅपनोचं मोड्यूल 'रिपेअरला गेलंय'. एका ठिकाणी ते दीड वर्ष रिपेअरला होतं. शेवटी मी तिथली मुलांची लॅप घेणं बंद केलं, दुसरे कुणी तरी जातात, त्यांचंही पोट आहे. म्हणून हे एकेका भूलतज्ज्ञाच्या हिमतीवर सोडण्यासारखं नाही. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन रिन्यू करताना फायर एनओसी बघतात, बायोमेडिकल वेस्टचं बघतात, तिथेच एक रकाना घाला: मुलांची दुर्बिणीची ऑपरेशनं करता का, करत असाल तर चालू कॅपनोग्राफ दाखवा. नसेल तर ओपन करा. जांघेतल्या हर्नियाला दोन सेंटीमीटरचा छेद देऊन पिढ्यानपिढ्या मुलं बरी झालीत, तिथे पोट फुगवावं लागत नाही आणि मास्क अगदी छान चालतो.

'खर्च वाढेल, गरिबाला परवडणार नाही' हे उत्तर लगेच येतं. कॅमेरा घेताना गरीब आठवला नव्हता.

आता आईबापांचं. त्यांनी मास्क की नळी हे ठरवावं असं मला अजिबात वाटत नाही, ते ठरवणं माझं काम आहे, त्याचेच पैसे घेते. पण त्यांना भूल देणारा माणूस आधी भेटला पाहिजे. आज काय होतं? सर्जनला ते तीन वेळा भेटलेले असतात, मला पहिल्यांदा बघतात ते मी मूल हातातून घेते तेव्हा. संमतीचा कागद आदल्या दिवशी काउंटरवर सही झालेला. सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच सांगितलंय की पुरेशी माहिती देऊन घेतलेली तीच संमती. काउंटरवर कसली माहिती मिळते? 'इथे सही करा.' आणि मुलाला दोन आठवड्यांत सर्दी झाली होती का, घरी कुणी बिडी-सिगारेट ओढतं का, आधी कुठल्या भुलीत त्रास झालेला का, दात हलतोय का, या प्रश्नांवर माझी निवड ठरते, आणि ते विचारायला मला मिळतात पाच मिनिटं, दारात, रडणाऱ्या पोरासमोर. त्यावेळी कुठली आई सांगेल की हो परवा ताप होता? सुट्टी टाकून, एसटीनं आलेली असते, तिला भीती असते की ऑपरेशन पुढे ढकलतील. उपाशी ठेवण्याचाही तोच घोळ. पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, युरोपात तर मुलांना आता एक तासापर्यंत देतात, आणि आमच्याकडे काउंटरवरून निरोप, 'रात्री दहानंतर काही नाही', मग नंबर लागतो दुपारी एकला.

फ्रीलान्स भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी येऊन तपासण्याचे पैसे कुणी देत नाही, हे त्यामागचं साधं कारण आहे. पॅकेजमध्ये सर्जन, ओटी, औषधं, रूम सगळं धरलेलं असतं, पीएसी, म्हणजे भुलीआधीची ही तपासणी, धरलेली नसते. २०१७ मध्ये युरोपचा एक प्रचंड मोठा अभ्यास आला, २६१ हॉस्पिटलं, एकतीस हजारांवर भुली, पाच टक्क्यांवर मुलांत काहीतरी गंभीर घडलेलं, आणि धोका कमी करणाऱ्या गोष्टींत ठळक निघाला तो डोक्याशी उभ्या माणसाचा मुलांमधला अनुभव. पण तो अनुभव वापरायला आधी मूल दिसावं तर लागतं.

मी गेल्या वर्षापासून एक करतेय, मुलाची लॅप केस असेल तर आदल्या संध्याकाळी भेटल्याशिवाय घेत नाही, वेगळी फी लावते, दोन हॉस्पिटलांनी मला बोलावणं सोडलं, तिघांनी मान्य केलं. परवाची केस त्या तिघांपैकी एका ठिकाणची. पाच वर्षांची मुलगी, हर्निया. आदल्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, घशात नळी घालणार, का घालणार, काढताना खोकेल, एखादा दिवस आवाज बसेल. मुलीला नाकातोंडावर धरायच्या मास्कचा वास घ्यायला दिला, तिनं तो बाहुलीला लावला. ऑपरेशन सुरळीत झालं, नळी काढताना खोकली आणि चांगली दोन मिनिटं खोकली, मला घाम फुटेपर्यंत. संध्याकाळी राउंडला गेले तर आजी कॉटशी बसून तावातावानं सांगत होती, पोरीचा आवाज कसा बेडकासारखा झालाय बघा, काय केलं हिच्या घशाचं, कालपर्यंत चांगली गात होती. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात आई बिस्किटाचा पुडा फोडता फोडताच म्हणाली, "अहो आई, कालच सांगितलं होतं त्यांनी. उद्या येईल म्हणाल्या आवाज." आजीनं माझ्याकडे असं बघितलं की ते उद्या बघू.